नजरेला मांडलेला पाट

अण्णा मोजणीदार आमच्या अंगणात पहिल्यांदा आले ते एक डोळा मिटून. फाटकातून आत पाऊल टाकलं, डावा डोळा मिटला, उजव्या हाताचा अंगठा नाकासमोर धरला आणि त्या अंगठ्यावरून माझ्याकडे बघत बघत सरळ चालत आले. मी ओसरीवर वेताच्या खुर्चीत बसलो होतो. नवीन बिऱ्हाड थाटलेलं, शेजारी विचारपूस करायला येताहेत अशा समजुतीनं मी "या, या" म्हणत उठायला लागलो. "उठू नका," ते म्हणाले आणि त्यांनी खुर्ची माझ्यासकट हातभर डावीकडे सरकवली. मग फाटकापाशी परत जाऊन बघितलं, मान हलवली, आणि "आता ठीक. मघाशी तुम्ही खांबाच्या मागं पडत होतात," असं सांगून निघून गेले. नाव नाही, गाव नाही, चहा नाही.

मी ड्रॉइंग मास्तर म्हणून रत्नागिरीला रुजू झालो त्याला तेव्हा आठवडाही झाला नव्हता. एकोणीसशे सव्वीस-सत्तावीसचे ते दिवस. मूळचा मी लांज्याकडचा, पण मुंबईला चित्रकलेच्या परीक्षा देऊन आलेलो, त्यामुळं डोक्यात थोडी हवा होती. कुठली वस्तू कुठं शोभते हे ठरवायचा परवाना सरकारनं आपल्याला दिलेला आहे अशी माझी प्रामाणिक समजूत होती. एका पंचा नेसलेल्या म्हाताऱ्यानं मलाच वस्तू समजून सरकवावं, हे मला चांगलंच झोंबलं.

"अहो, पण खरंच, आता तुम्ही फाटकातून बरे दिसता," आमची ही म्हणाली. माझ्या अपमानात तिला नेहमीच काहीतरी चांगलं सापडतं.

अण्णांची सगळी नोकरी मोजणी खात्यात झालेली. पस्तीस वर्षं ते साखळी आणि झेंडे घेऊन जिल्हाभर हिंडले. वेळणेश्वराच्या किनाऱ्यापासून राजापूरच्या सड्यापर्यंत ज्यांची जमीन त्यांनी मोजली नाही अशी घरं थोडी. झेंडा रोवायचा, एक डोळा मिटायचा, दुसऱ्यानं रेघ धरायची, हेच जन्मभर केल्यामुळं जगाकडे दोन्ही डोळ्यांनी बघायची सवयच मोडलेली. लग्नाच्या मांडवात ते नवरानवरीच्या आधी अंतरपाट सरळ धरलाय की नाही ते बघत. अंतर सांगायचं तर फुटांत नाही, साखळीत. मोजणीची साखळी तेहेतीस फुटांची, तिचे भाग सोळा, आणि त्या भागांना म्हणतात आणे. "विहीर कुठं हो?" असं वाटसरूनं विचारलं तर अण्णा सांगत, "दोन साखळ्या चार आण्यांवर." वाटसरू तहानलेलाच पुढं जाई.

बायको पहिल्या बाळंतपणातच गेली होती. घरात ते आणि त्यांची धाकटी बहीण, दोघंच. बहिणीला सगळे आक्का म्हणत. तिच्याविषयी मला कितीतरी वर्षं एवढंच ठाऊक होतं की ती आहे. अकराव्या वर्षी ती सासरहून परत आली ती कायमची. मग केस गेले, अंगावर लाल आलवण आलं, आणि त्यानंतर ती घराच्या मागच्या भागातून पुढं आली नाही. ओसरीवर माणसं आली की ती माजघरात जाई, माजघरात आली की स्वयंपाकघरात. आमची ही मागच्या दारानं विरजण मागायला जात असे, तेवढीच काय ती ये-जा. मी शेजारी राहून आक्कांचा आवाज कधी ऐकला नव्हता. मागच्या बाजूला लाकडी गजांची एक खिडकी होती. तिच्यातून दुपारी तांदूळ निवडणारा हात दिसे. आज हे लिहिताना मला लाज वाटते. तेव्हा मात्र मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

असो. अण्णांची बाग.

आमची घरं भाट्याच्या खाडीकडे उतरणाऱ्या पाणंदीवरची शेवटची दोन. अण्णांच्या घराच्या बाजूनं मागपर्यंत वीसएक गुंठ्यांचं आगर होतं. माड, पोफळी, केळी, दोन हापूस. पेन्शन घेतल्यावर अण्णांनी त्याची बाग करायला घेतली. लोक बाग करतात म्हणजे काय करतात, तर मिळेल तिथून कलमं आणून मिळेल तिथं खोचतात. अण्णांनी सहा महिने एकही झाड लावलं नाही. नुसते एक डोळा मिटून हिंडत राहिले. एके दिवशी मी मधल्या दगडी गडग्यावरून विचारलं, "अण्णा, काय शोधताय?"

"पाट मांडायला जागा बघतोय," ते म्हणाले.

"कुणासाठी?"

"नजरेसाठी. मास्तर, पाहुणा घरात आला की आपण काय करतो? पाट मांडतो. नाही मांडला तर तो बिचारा उभाच राहील, या पायावरून त्या पायावर. नजरेचं तसंच. बागेत शिरली की आधी बसायला जागा बघते. एकदा बसली की मग निवांत चारी बाजूंना हिंडते. जागाच नसली तर उभ्या उभ्या निघून जाते. मग लोक म्हणतात, झाडं पुष्कळ आहेत हो, पण मन रमत नाही."

मला हे पटलं, आणि पटलं म्हणूनच राग आला. मुंबईला आमच्या गुरुजींनी हीच गोष्ट समजावायला फळ्यावर तीन दिवस रेघा मारल्या होत्या.

अण्णांचे नियम कडक होते. पाट एकच. "दोन मांडलेत की नजर म्हणते, बसू कुठं?" पाटाचा रंग मागच्या झाडीपेक्षा वेगळा हवा, नाहीतर श्रावणात हिरव्यात हिरवं बुडून जाईल. दोन बाजूंना दोन पोफळी, दाराच्या चौकटीसारख्या. वाट सरळ न्यायची नाही, थोडी वळवून न्यायची, म्हणजे नजर आधी पोचते आणि पाय मागून येतात. पाणंदीच्या बाजूला गडग्यालगत अडुळशाचं दाट कुंपण, म्हणजे नजर बाहेर पळत नाही. गावातल्या एका बड्या वकिलांनी बागेत कारंजं, सिमेंटचे दोन सिंह आणि काचेचा निळा गोळा अशी तयारी करून अण्णांना मोठ्या हौसेनं दाखवायला नेलं. अण्णांनी सगळं पाहून घेतलं आणि विचारलं, "मुंज कुणाची आहे?" तेव्हापासून वकीलसाहेब त्यांना नमस्कार करीनासे झाले. अण्णांच्या ते लक्षातही आलं नाही. नमस्कारापेक्षा "डोळा बसला का?" हा प्रश्न ते महत्त्वाचा मानत. कुणाच्याही अंगणात गेले की तब्येतीआधी तोच विचारत.

एवढं करूनही त्यांचा पाट काही केल्या ठरत नव्हता. पहिल्यांदा त्यांनी एक मोठा रांजण पालथा घातला. त्याखाली घोणस राहायला आली. "नजरेच्या आधी हीच बसली," अण्णा म्हणाले. मग मिरकरवाड्याच्या एका तांडेलाकडून गंजका नांगर आणला. तो दोन महिने छान बसला, पण तांडेलाला दुसरं गलबत मिळालं आणि तो नांगर परत मागायला आला. मग माझीही कला पणाला लागली. शाळेच्या अडगळीत प्लास्टरचं एक विलायती मुंडकं पडलं होतं, ते मी हेडमास्तरांना विचारून अण्णांना आणून दिलं. मृगात त्याचं नाक गेलं, आर्द्रात कान गेले, आणि पुनर्वसूत चुनखडीचा नुसता गोळा उरला.  अण्णांनी माझ्याकडे बघून फक्त दोन्ही डोळे मिटले.

शेवटी भाट्याच्या किनाऱ्यावर त्यांना तो धोंडा सापडला. कमरेएवढा, खाली रुंद, वर निमुळता, कुणीतरी मांडी घालून बसल्यासारखा. तो त्यांनी गाडीवर घालून आणवला आणि बसवायचा दिवस ठरवला. तो रविवार मी विसरणार नाही. मला हातात झेंडा देऊन आगराच्या टोकाला उन्हात उभं केलं आणि अण्णा स्वतः घरात निघून गेले. घरातून आवाज येत होता, "डावीकडं… अजून… अर्धा आणा उजवीकडं… आता हलू नका." मला वाटलं, म्हातारा उन्हाला भिऊन आत सावलीत बसलाय. दोन तास मी मनातल्या मनात त्यांना नावं ठेवत उभा होतो. दुपारचे चार वाजल्यावर "बस" असा हुकूम आला, झेंड्याच्या जागी धोंडा रोवला गेला, आणि अण्णांनी त्याला वरपासून खालपर्यंत चुना लावला.

बाग पुरी झाली. आणि इथं माझं त्यांच्याशी भांडण जुंपलं. कारण फाटकातून बघितलं तर ती बाग वाकडी होती. ओसरीवरून बघितलं तर त्याहून वाकडी. पोफळी एकीमागं एक दडलेल्या, धोंडा केळीआड गेलेला, वाट भलतीकडेच निघालेली. पाहुण्यारावळ्यांकडे बाग सरळ पाठ करून बसली होती. सात वर्षं खपून शहाण्यासुरत्या माणसानं असं करावं? मी कागदावर व्यवस्थित नकाशा काढून दाखवला.

अण्णांनी तो उलटसुलट करून पाहिला. "चित्र चांगलं आहे. पण यात बघणारा कुठं उभा आहे?"

"समोर. कुठं असणार?"

"समोर कुणाच्या? मास्तर, आधी बघणारा कोण ते ठरवावं, मग बाग करावी." आणि नकाशा घडी करून त्यांनी अडकित्त्याखाली ठेवून दिला. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

खरं संकट पुढंच होतं, आणि ते अण्णांनी स्वतःच्या हातानं ओढवून घेतलं. मोजणीतल्या माणसानं दगड रोवला की त्यावर खूण करायची, ही जन्माची सवय. चुना वाळल्यावर अण्णांनी तांबड्या रंगाचं बोट घेऊन धोंड्याच्या बरोबर मध्यावर, कपाळ असावं तिथं, एक उभी रेघ ओढली. रेघ धरायला सोपी जावी म्हणून. मोजणी खात्याच्या दृष्टीनं ती खूण होती. पाणंदीवरून जाणाऱ्या माणसांना धोंडा गडग्याच्या पडक्या खिंडीतून दिसे, आणि त्यांच्या दृष्टीनं काय झालं असेल ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पांढरा धोंडा, तांबडं कपाळ, आगराच्या कोपऱ्यात बसलेला. राखणदारच तो. आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतोच, फक्त तो कुठं बसलाय ते माहीत नसतं. इथं तो दिसायला लागला होता.

तरी लोक लांबूनच हात जोडून जात. पण मग चंद्रेची म्हैस हरवली. चंद्रा खालच्या वाडीतली, आमच्याकडे दुधाचा रतीब घालायची. दिवेलागणीला म्हैस शोधत ती पाणंदीतून हाका मारत चालली होती, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणं आगरातून स्पष्ट आवाज आला, "अगं, धोंड्याकडं बघ." तिनं वळून बघितलं तर म्हैस गडग्याच्या खिंडीतून आत शिरून धोंड्याला पाठ घाशीत उभी, आणि माणूस कुठं नाही.

"आवाज बाईमानसाचा व्हता, वैनीनूं," चंद्रा आमच्या हिला सांगत होती. "पन देवाला काय बाप्या नि काय बाय."

वाडीत यावर थोडी चर्चा झाली. राखणदार की देवी, असा प्रश्न होता. धोंडू गुरवानं निकाल दिला की राखणदार पाहिजे तो आवाज काढू शकतो, आणि दुसऱ्याच सोमवारी गडग्याच्या खिंडीतून बायकांची रीघ लागली. नारळ, फुलं, हळदकुंकू, कुणाच्या मुलाला ताप, कुणाच्या नवऱ्याचं मुंबईहून पत्र नाही. अबोलीचे वाफे तुडवले गेले. पोफळीला कुणीतरी नवसाची घंटा बांधली.

आधी अण्णांना गंमत वाटली. पण आठ-दहा दिवसांत त्यांचा चेहरा उतरला. खाणं कमी झालं, दाढी वाढली. दुपारी चारला ते आगरात येत, धोंड्याकडे बघत, मग वळून घराच्या मागच्या बाजूकडे बघत आणि तसेच उभे राहत. माजघराची ती खिडकी बंद होती. लोकांची ये-जा सुरू झाल्यापासून उघडलेलीच नव्हती. मी ते पाहिलं होतं, पण धूळ येत असेल म्हणून लावली असेल, एवढाच अर्थ माझ्या डोक्यात आला. मला वाटलं, म्हातारा अबोलीसाठी झुरतोय.

"मास्तर," एके दिवशी ते मला म्हणाले, "हा धोंडा गडग्याबाहेर पाणंदीत जायला हवा. लोकांना तिथं पुजू देत. खिंड मी बुजवून टाकतो. हा इथंच राहिला तर माझी सात वर्षं फुकट गेली म्हणून समजा."

एवढं सांगताना त्यांचा आवाज फुटला. मी गडबडून गेलो. वाफ्यांसाठी कुणाचा आवाज फुटत नाही, एवढं मलाही कळत होतं.

वाडीनं साफ नकार दिला. राखणदार असा परस्पर हलवतात काय? धोंडू गुरव म्हणाला, "अन्ना, धोंडा तुमचा, जागा तुमची, मान्य. पन बसलेला देव उटवायचा तर त्याला इचारूक लागतं. कौल लावू. त्यानं उजवं दिलं तर मी सोता पहार घेऊन येतंय."

अर्ध्या जिल्ह्यातल्या देवळांच्या हद्दी ज्यांनी मोजल्या ते अण्णा एरवी कौलबिल मानणारे नव्हते. पण ते "बरं" म्हणाले.

सोमवारी सकाळी सगळी वाडी आगरात जमली. गुरवानं धोंडा धुतला, ओल्या कपाळावर तांबड्या रेघेच्या दोन बाजूंना तगरीची दोन फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. मग गाऱ्हाणं सुरू झालं.

"बा देवा म्हाराजा, ह्या आगराच्या राखनदारा, आज हे अन्ना तुज्याकडं एक अरज घेऊन आलेत…"

"व्हय म्हाराजा," वाडी म्हणाली.

"तुजी जागा हालवायची म्हनतात. त्याचं कारान ते सोता सांगतील. सांगा अन्ना."

अण्णा पुढं झाले. "जागा चुकली आहे," ते म्हणाले.

गुरवानं मान हलवली. "असं नाय चालत. मोजनी हापिसात चालंल. हितं खरं कारान सांगाय व्हवं. खोटं सांगितलात तर फूल जागचं हालत नाय."

अण्णांनी बंद खिडकीकडे एकदा बघितलं. मग त्यांनी घसा साफ केला आणि मोजणीचा कागद वाचून दाखवावा तसं सांगायला लागले.

"या धोंड्यापासून त्या खिडकीपर्यंत दोन साखळ्या नऊ आणे अंतर आहे. खिडकीच्या आत पाटावर माझी बहीण बसते. अकराव्या वर्षी आली. आता पन्नाशीला टेकली. दुपारी चारला तिचं काम आटपतं, तेव्हा ती तिथं बसते. मी पस्तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजत हिंडलो. डोंगर पाहिले, खाड्या पाहिल्या, वेळणेश्वराचा समुद्र पाहिला. हिनं फक्त ही खिडकी पाहिली. हिला घेऊन मी कुठं जाऊ शकलो नाही. लोक काय म्हणतील, म्हणून गेलो नाही. मी भ्यालो. मग म्हटलं, खिडकीतून जेवढं दिसतं तेवढं तरी चांगलं करावं. ही बाग तिथून बघायची आहे. दुसरीकडून कुठूनही ती वाकडीच दिसते. तुम्ही लोक यायला लागलात आणि तिनं खिडकी लावून घेतली. एक महिना झाला. ती उघडायला हवी. दुसरं कारण नाही."

कुणी "व्हय म्हाराजा" म्हटलं नाही. त्या रविवारी घरातून आलेला "अर्धा आणा उजवीकडं" मला आठवला आणि माझे कान तापले. दोन तास उन्हात उभं राहून मी त्या माणसाला काय काय म्हटलं होतं.

सगळ्यांचे डोळे फुलांवर. दोन्ही फुलं चिकटून बसलेली.

आणि मागं खिडकी करकरली.

"अण्णा," आतून आवाज आला. अगदी साधा, थोडा बसका आवाज. "धोंडा हलवू नकोस."

आम्ही सगळे वळलो. गजांमागं लाल आलवणाचा पदर कपाळावर ओढलेला एक चेहरा होता. मी तो पहिल्यांदाच बघत होतो. नाक थेट अण्णांचं.

"मी काही त्या धोंड्याकडं बघत नाही रे," आक्का म्हणाल्या. "तू इतका खपलास, तुला कसं सांगणार? मी बघत्ये ते इकडं, या बाजूला सरकून, अडुळशाच्या फटीतनं. पाणंद दिसते तिथनं. कोण आलं, कोण गेलं, कुणाची पोर माहेरी आली. सात वर्षं तू अडुळसा वाढवतोयस आणि मी फट शोधत्ये. तू कधी विचारलंस का, 'गोदे, तुला काय बघायचंय?' म्हणून?"

अण्णांनी वळून अडुळशाकडे बघितलं.

"आणि खिडकी मी लावली ती या बायकांसाठी. देवाला म्हणून निघायचं आणि समोर माझं तोंड दिसायचं. त्यांना नको वाटायला, एवढंच. मला तर त्या यायला लागल्या ते…"

चंद्रा एकदम पुढं सरकली. तिनं तोंडावर हात ठेवला होता. "अगो बाय, ह्योच आवाज. 'धोंड्याकडं बग' म्हनून बोल्ला तो ह्योच."

"मग काय करणार?" आक्का म्हणाल्या. "म्हैस समोर उभी आणि तू सगळ्या पाणंदीभर हिंडत्येस."

कुणीतरी हसलं. मग चंद्राच हसायला लागली, आणि हसता हसता तिनं डोळ्यांना पदर लावला. आमची ही तर केव्हाचीच रडत होती. या सगळ्यात गुरवाला आपल्या कामाची आठवण झाली आणि त्यानं मागं वळून बघितलं. दोन्ही फुलं खाली मातीत पडली होती. आधी उजवं की डावं, ते कुणीच पाहिलं नव्हतं. सगळी वाडी त्या फुलांसाठी जमली होती, आणि त्या घटकेला धोंड्याकडे बघणारा एकही माणूस नव्हता.

"आता काय?" गुरव म्हणाला. "पुन्यांदा लावू?"

"नको," अण्णा म्हणाले. "राहू दे."

"पन देव बोल्ला तो आक्कांच्या तोंडानं बोल्ला," गुरवानं तिथल्या तिथं धर्मशास्त्र बसवून टाकलं. "म्हंजे सकाळचं फूल आक्कांनी घालाय व्हवं. बाकीच्यांनी मागून. काय चंद्रे?"

"आमी गडग्यापाशी थांबू," चंद्रा म्हणाली. "आक्का आल्याबिगर आत पाय टाकनार नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बघतो तर अण्णा आगरात कोयता घेऊन अडुळसा तोडत होते. सात वर्षं वाढवलेलं कुंपण, पानापानाला पाणी घातलेलं. माझ्या चित्रातली एखादी रेघ कुणी चुकली म्हटलं तर मी आठ दिवस घरातल्यांशी धड बोलत नाही. हा माणूस सगळी बाग चुकली असं चारचौघांत ऐकून घेऊन, पंचा खोचून, कुरकुर न करता ती मोडत होता. अडुळसा संपल्यावर त्यांनी गडग्याच्या वरच्या दोन ओळी चिरे उतरवले, कोपर टेकून बोलता येईल एवढी उंची ठेवली, आणि खिडकीपाशी जाऊन विचारलं, "गोदे, दिसतं का?" मी अण्णांना नेहमीच थोडं हसत आलो होतो. त्या सकाळी मला वाटलं, या माणसाच्या शेजारी आपल्याला बिऱ्हाड मिळालं हे आपलं नशीब.

आक्का तीन दिवस बाहेर आल्या नाहीत. बायका रोज गडग्यापाशी थांबत आणि तिथूनच हात जोडून परत जात.  चौथ्या दिवशी मागचं दार उघडलं. आक्का पायरीवर बराच वेळ उभ्या होत्या. मग वाट सोडून वाफ्याच्या कडेकडेनं, जपून, जाऊन त्यांनी धोंड्यावर एक फूल ठेवलं आणि परत वळल्या. तेवढ्यात चंद्रेनं गडग्यावरून विचारलं, "आक्का, आमची म्हस दूद चोरते गो, काय करू?" आणि आक्का थांबल्या.

त्या बोलत उभ्या राहिल्या, एक पाय घराकडे, एक गडग्याकडे. मग दोन्ही पाय गडग्याकडे गेले. ऊन वर आलं. मी सकाळचा अण्णांच्या ओसरीवर जाऊन बसलो होतो. त्यांच्या चहाची वेळ केव्हाच टळून गेली होती आणि घरात चूल पेटलेली नव्हती. मला वाटलं, आता ते हाक मारतील.

अण्णा उठले आणि स्वयंपाकघरात गेले. आतून बराच वेळ डबे उघडल्याचे, काहीतरी सांडल्याचे, फुंकणीचे आणि खोकल्याचे आवाज येत राहिले. मग ते दोन फुलपात्रं घेऊन बाहेर आले. माझ्या माहितीप्रमाणं त्यांनी जन्मात पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं केलेला तो चहा होता. साखर नव्हती, धूर मात्र भरपूर होता. आम्ही दोघांनी तो घोट घोट पिऊन संपवला. गडग्यापाशी गप्पा चालूच होत्या.